आंतरराष्ट्रीय प्रशासकीय सहकार्य आणि वनसेवेची क्षमतावृद्धी : विशेष संदर्भ कुंडल

शासनयंत्रणेची कार्यक्षमता वाढविण्यासाठी राष्ट्रांनी परस्परांना दिलेले ज्ञान, प्रशिक्षण व निधी म्हणजे प्रशासकीय सहकार्य होय. १९६४ साली सुरू झालेला भारताचा ‘आयटेक’ कार्यक्रम हे त्याचे परिचित उदाहरण. वनप्रशासनात मात्र असा व्यवहार शंभर वर्षे आधीपासून दिसतो.

१८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डिट्रिख ब्रँडिस जर्मन होते. भारतासाठी निवडलेले अधिकारी पुढे फ्रान्समधील नान्सी येथे शिकत. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली. वसाहतीच्या महसुलासाठी झालेल्या या व्यवहारास ‘सहकार्य’ म्हणणे धाडसाचेच. परंतु त्यातूनच भारतीय वनाधिकाऱ्याची घडण झाली. इमारती लाकूड वाढविणे आणि लोकांना जंगलाबाहेर ठेवणे, हे तिचे सूत्र होते. जून १९९० मध्ये केंद्र शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ग्रामस्थांसोबत बसून नियोजन करणे हे वनरक्षकाचे कर्तव्य ठरले. त्याचे शिक्षण मात्र त्याला मिळालेले नव्हते. २००८ साली जपानच्या कर्जसाहाय्याने मंजूर झालेल्या प्रकल्पाचा रोख याच उणिवेवर होता. राज्यांतील वनप्रशिक्षण संस्थांची सुधारणा आणि वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल यांचे प्रशिक्षण हे त्याचे उद्दिष्ट होते.

अशा प्रशिक्षणाची कसोटी कोठे लागते, हे कुंडल परिसरात स्पष्ट दिसते. येथील वन प्रबोधिनीत वनक्षेत्रपाल घडविले जातात. जवळच सागरेश्वर आहे. एकेकाळच्या उजाड डोंगरावर स्थानिकांच्या पुढाकाराने झाडे वाढली, बाहेरून आणून हरणे सोडली गेली आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य झाले. हरणे कुंपण ओलांडून शिवारात उतरतात, तेव्हा पंचनामा, भरपाई आणि संतप्त शेतकऱ्याशी संवाद ही तिन्ही कामे त्याच अधिकाऱ्याकडे येतात. प्रतिसरकारच्या काळात गावातच न्यायनिवाडा होताना पाहिलेल्या या मुलखाला ‘सरकारी माणसा’ची पारख चांगली आहे. हा पाठ कोणत्याही परदेशी अभ्यासक्रमात तयार मिळत नाही.

परकीय कर्जातून वसतिगृह व वर्गखोल्या उभ्या राहतात. अनुभवी प्रशिक्षक मिळणे आणि टिकणे राज्याच्या पदमंजुरीवर व बदलीच्या धोरणावर अवलंबून असते. या बाबतीत कर्ज देणारे राष्ट्र फारसे काही करू शकत नाही. म्हणूनच किती कर्मचारी प्रशिक्षित झाले या आकड्याइतकेच, प्रशिक्षणानंतर पंचनामे वेळेवर होऊ लागले काय आणि वनसमितीच्या बैठकीत ग्रामस्थ बोलू लागले काय, हेही मूल्यमापनात नोंदविले जाणे आवश्यक आहे.