एक ओळख, अनेक दारे
कार्यालयीन संगणकप्रणालीतील निर्देशिका आणि एकल प्रवेश

शासनाच्या कारभारात संगणक येऊन आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. ग्रामपंचायतीचा हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’वर नोंदविला जातो, शाळेची माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरली जाते, शिक्षकांची वेतनदेयके ‘शालार्थ’मधून तर शासकीय कर्मचाऱ्यांची ‘सेवार्थ’मधून तयार होतात आणि कार्यालयीन नस्त्या ‘ई-ऑफिस’मधून फिरतात. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु प्रत्येक प्रणालीचे दार निराळे आणि प्रत्येक दाराचा परवलीचा शब्दही निराळा, अशी स्थिती झाल्यामुळे काय घडते, हे कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयात थोडा वेळ बसल्यास दिसून येते. परवलीचे शब्द दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर उतरवलेले असतात, टेबलावरील काचेखाली चिठ्ठीवर असतात, आणि शेवटी कंटाळून ते सर्वच्या सर्व एका संगणकचालकाच्या स्वाधीन केलेले असतात.

यात केवळ गैरसोयीचा प्रश्न असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ग्रामपंचायतीच्या खात्यातून रक्कम अदा करताना एकाने देयक तयार करावे व दुसऱ्याने ते तपासून आपल्या अंकीय स्वाक्षरीने संमती द्यावी, अशी ‘ई-ग्रामस्वराज’ची रचना आहे. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी दोन माणसांची नजर असावी, हा जुनाच संकेत तेथे पाळलेला आहे. पण दोघांचेही परवलीचे शब्द आणि दोघांचीही स्वाक्षरीसाधने एकाच खणात असतील, तर कागदोपत्री दोन माणसे आणि प्रत्यक्षात एक, असा प्रकार होतो. पुढे चौकशी उद्भवली म्हणजे नोंदीत ज्याचे नाव, तोच उत्तरदायी. हा सारा दोष माणसांच्या निष्काळजीपणाचा आहे, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. दहा निरनिराळे परवलीचे शब्द लक्षात ठेवून ते वेळोवेळी बदलणे सामान्य स्मरणशक्तीच्या आवाक्यातले नाही. म्हणून ज्याला संगणकक्षेत्रात ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात आणि आपण येथे ‘एकल प्रवेश’ म्हणू, ती व्यवस्था काय आहे व ती उभारताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

पत्ता आणि निर्देशिका

एकल प्रवेशाचा पाया निर्देशिकेत असतो. निर्देशिका म्हणजे संस्थेतील माणसांची एकच अधिकृत यादी. ती समजून घेण्यास टपालाच्या पत्त्याइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागणारे नगरपरिषदेचे गाव. परंतु महाराष्ट्रात मलकापूर एकच नाही. बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेमार्गावरील एक मलकापूर आहे, तर सातारा जिल्ह्यात कराडला लागून आणखी एक. पाकिटावर नुसते ‘मलकापूर’ लिहिल्यास पत्र तिन्हींपैकी कोठेही जाऊ शकेल. ‘मु. पो. मलकापूर, तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर’ असे लिहिले की शंका उरत नाही. नावांच्या सारखेपणातून होणारा हा घोटाळा टाळण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड पद्धती सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक होत. पुढे पंचायतराज मंत्रालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांची जी निर्देशिका तयार केली, तीतही याच हेतूने प्रत्येक संस्थेला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे.

संगणकातील निर्देशिकेत माणसाची नोंद नेमकी अशीच, लहानाकडून मोठ्याकडे जाणाऱ्या पत्त्याप्रमाणे लिहिलेली असते : प्रथम व्यक्ती, मग तिची शाखा, मग संस्था, मग राज्य. त्या नोंदीत पदनाम, कार्यालयीन ईमेल, दूरध्वनी आणि ती व्यक्ती कोणकोणत्या गटांत मोडते, ही माहिती असते. परवलीचा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवीत नाहीत. ज्यावरून मूळ शब्द उलगडता येत नाही असा त्याचा केवळ गणिती ठसा ठेवतात. हे शहाणपण अनुभवातून आलेले आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेकांनी मिळून वापरावयाच्या संगणकावर परवलीचे शब्द प्रथम वापरात आले. १९६२ साली तेथील एका संशोधकाने संगणक अधिक वेळ वापरता यावा म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली होती! शब्द जसेच्या तसे साठवलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

अशा निर्देशिकेला प्रश्न कसा विचारावा व उत्तर कसे घ्यावे, याचे जे नियम आज सर्वत्र रूढ आहेत, त्यांना ‘एलडॅप’ म्हणतात. १९८८ मध्ये ठरविलेल्या ‘एक्स.५००’ या अवजड आंतरराष्ट्रीय मानकाचे हे सुटसुटीत रूप मिशिगन विद्यापीठात तयार झाले व १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आणि विनामूल्य उपलब्ध असणारी ‘ओपनएलडॅप’ या दोन्ही निर्देशिका हेच नियम पाळतात.

दाखल्याचे तत्त्व

सर्व प्रणालींना एकच निर्देशिका जोडली म्हणजे काम झाले, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. तेवढ्याने परवलीचा शब्द सर्वत्र एकच होतो; पण तो प्रत्येक दाराशी पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि त्या दहा प्रणालींपैकी एखादी दुबळी निघाली तर नेमका तोच शब्द तेथून निसटतो. एकच शब्द असणे आणि एकदाच प्रवेश करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शिक्षक वाचकांना शाळा सोडल्याचा दाखला चांगला परिचयाचा आहे. मलकापुरातील शाळेचा विद्यार्थी कोल्हापूरच्या महाविद्यालयात जातो, तेव्हा महाविद्यालय शाळेचे जनरल रजिस्टर मागवीत नाही. दाखल्यावरील मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि तारीख पाहून ते त्यावर विश्वास ठेवते. एकल प्रवेशाची रचना तंतोतंत अशीच आहे. कर्मचारी एखाद्या प्रणालीच्या दाराशी आला की ती त्याला परवलीचा शब्द विचारीत नाही, तर ओळखकेंद्राकडे पाठविते. ओळखकेंद्र निर्देशिकेत पाहून त्याची खातरजमा करते आणि अंकीय स्वाक्षरी केलेला दाखला देऊन त्याला परत पाठविते. दाखला कोणी दिला, कोणाविषयी दिला, कोणत्या प्रणालीसाठी दिला आणि तो किती वाजेपर्यंत ग्राह्य आहे, हे सर्व त्यात नमूद असते. त्याची मुदत बहुधा काही मिनिटांचीच असते, त्यामुळे वाटेत कोणी नक्कल केली तरी ती फारशी उपयोगी पडत नाही. तोच कर्मचारी नंतर दुसऱ्या प्रणालीकडे गेला, तर ओळखकेंद्र त्याला ओळखते व पुन्हा काही न विचारता त्या प्रणालीच्या नावे नवा दाखला देते. परवलीचा शब्द या साऱ्यात फक्त एकाच ठिकाणी दिला जातो.

दाखल्याचा नमुना कसा असावा, याची मानके ठरलेली आहेत. २००५ सालचे ‘सॅमल’ आणि २०१४ सालचे ‘ओपनआयडी कनेक्ट’ ही त्यांतील प्रमुख होत. त्याही आधी, १९८३ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ‘कर्बेरोस’ ही पद्धती निघाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला दिले आहे. कला शाखेत शिकलेल्या प्रस्तुत लेखकाला या सर्व विषयात आपल्या परिचयाचे असे एवढेच काय ते सापडले.

उभारणीतील बारकावे

समजा, मलकापूरएवढ्या एखाद्या नगरपरिषदेने कर आकारणी, आवक-जावक आणि भांडार या आपल्या अंतर्गत प्रणाली एकल प्रवेशाखाली आणावयाचे ठरविले. पहिले काम संगणकतज्ज्ञाचे नसून आस्थापना शाखेचे आहे. मूळ यादी सेवापुस्तकांवरून करावी, जुन्या प्रणालींत साठलेल्या नावांवरून नव्हे. प्रत्येकाला एक कायम क्रमांक द्यावा आणि तो माणूस निवृत्त झाल्यावरही दुसऱ्या कोणास देऊ नये. ‘मुख्य लिपिक’ या पदाच्याच नावाने खाते उघडण्याची प्रथा सोयीची वाटते, पण त्या खात्यातून झालेले काम नेमके कोणत्या मुख्य लिपिकाचे, हे दोन वर्षांनी सांगता येत नाही.

यानंतर ओळखकेंद्र निर्देशिकेला जोडावयाचे. त्याला निर्देशिकेचा ठावठिकाणा, शोध कोणत्या शाखेपासून सुरू करावयाचा ती जागा, आणि निर्देशिका वाचण्यासाठी स्वतःचे एक खाते द्यावे लागते. हे खाते केवळ वाचनापुरते असावे. घाईत तेथे मुख्य प्रशासकाचेच खाते देऊन टाकतात; मग ओळखकेंद्रात कोणी शिरला तर सबंध निर्देशिका त्याच्या हाती जाते. जोडणी सांकेतिक स्वरूपातच हवी. एलडॅपच्या ३८९ या साध्या मार्गावर वेगळी तजवीज केली नसेल, तर परवलीचा शब्द वाचता येईल अशा रूपात तारेवरून जातो. ६३६ या मार्गावर तो प्रारंभापासून सांकेतिक असतो. प्रमाणपत्राविषयी सूचना झळकू लागली की ती तपासणीच बंद करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पलीकडे आपलीच निर्देशिका आहे, याची खात्री त्या तपासणीवरच अवलंबून असते.

माणूस शोधावयाचा तो क्रमांकावरून किंवा कार्यालयीन ईमेलवरून, नावावरून नव्हे. एकच मराठी नाव रोमन लिपीत तीन प्रकारांनी लिहिले जाते, हे प्रत्येक आस्थापना लिपिकास ठाऊक आहे. शोधात दोन नोंदी सापडल्या, तर प्रवेश नाकारणे हेच योग्य.

ओळख आणि अधिकार यांतला भेद येथे स्पष्ट व्हावयास हवा. दाखला फक्त एवढेच सांगतो की, समोरची व्यक्ती अमुक आहे. तिने कर माफ करावा की केवळ पावती फाडावी, हे संबंधित प्रणाली ठरविते, आणि तेही व्यक्तीवरून न ठरविता गटावरून ठरवावे. २०२४ साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पद करण्यात आले. अधिकार गटाला जोडलेले असतील, तर अशा निर्णयाने निर्देशिकेत एका ठिकाणी बदल करावा लागतो. ते व्यक्तींना जोडलेले असतील, तर प्रत्येक नाव शोधीत बसावे लागते.

घड्याळांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दाखल्याची मुदत मिनिटांत मोजली जात असल्याने दोन संगणकांच्या वेळेत फरक पडला, तर खरा दाखलाही नाकारला जातो. कर्बेरोसमध्ये सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांत घड्याळे जुळविण्याचा, प्रवेशाच्या नोंदी १८० दिवस जपण्याचा आणि सुरक्षाभंगाची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याचा समावेश आहे.

घाटालगतच्या भागात पावसाळ्यात वीज किंवा दूरसंपर्क खंडित होणे नवे नाही. ओळखकेंद्र बंद पडले तर सगळीच दारे एकदम बंद होतात. म्हणून प्रत्येक प्रणालीत एक राखीव स्थानिक खाते ठेवून त्याचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा, आणि पाकीट उघडल्यास त्याची लेखी नोंद करावी. एकाच संगणकावर अनेकजण काम करीत असतील, तेथे आणखी एक सावधगिरी हवी : एका प्रणालीतून बाहेर पडल्याने ओळखकेंद्रातून बाहेर पडणे झालेच असे नाही. पुढे बसणारा मनुष्य आधीच्या माणसाच्या नावाने सहज आत शिरू शकतो.

राष्ट्रीय व्यवस्था

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ‘परिचय’ ही एकल प्रवेशाची सेवा चालविली आहे. शासकीय ईमेलच्या ओळखीवर तिच्यातून अनेक प्रणालींत जाता येते. नागरिकांसाठी ‘जनपरिचय’ आहे. ही सेवा, ‘डिजिलॉकर’ आणि सी-डॅकची ‘ई-प्रमाण’ यांना एकत्र गुंफणारी ‘मेरी पहचान’ ही व्यवस्था जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. यामुळे स्वतंत्र ओळखकेंद्र उभारण्याचा भार लहान संस्थांवर पडलाच पाहिजे असे नाही. मात्र सर्व प्रणाली अद्याप या एका छत्राखाली आलेल्या नाहीत. आणि आधार ही नागरिकाची ओळख आहे, पदाची नव्हे. एखादी व्यक्ती आज कोणत्या खुर्चीवर बसते, हे तिच्या कार्यालयालाच कळवावे लागते.

एका किल्लीने सर्व दारे उघडतात, म्हणजे ती किल्ली हरवल्यास सर्वच दारे उघडी पडतात. यास्तव परवलीच्या शब्दाबरोबर भ्रमणध्वनीवरील संकेतांकासारखा दुसरा पुरावा घेणे एकल प्रवेशात अत्यावश्यक समजतात. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून मोठा धोका जुन्या नोंदींचा आहे. बदलीच्या आदेशाची प्रत कोषागाराला जाते, लेखा शाखेला जाते, निर्देशिका सांभाळणाऱ्याकडे मात्र क्वचितच पोहोचते. कार्यमुक्तीच्या आदेशातील प्रतींच्या यादीत त्याचे नाव घालावे आणि नोंद त्याच दिवशी बंद करावी. पुसून टाकू नये, कारण जुन्या नस्त्यांवरील कार्यवाही कोणाची, हे त्या नोंदीवरूनच कळते. दर सहा महिन्यांनी कार्यालयप्रमुखाने यादी छापून घेऊन स्वतः वाचावी. निवृत्तांची आणि दिवंगतांचीही नावे तीत आढळणे अशक्य नाही. ग्रामपंचायतीत निवडणुकीनंतर नवे सरपंच पदभार घेतात, तेव्हा दप्तर व शिक्क्यांच्या यादीबरोबरच जुन्या सरपंचांचा संगणकीय प्रवेश आणि त्यांची अंकीय स्वाक्षरी त्याच दिवशी बंद केल्याची नोंद घ्यावी, आणि सदस्यांनी ती पहिल्या सभेत पाहण्यास मागावी.