यूट्यूबची कमाई कोणाच्या पॅनवर?

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत आज सूनबाई रेसिपीचे व्हिडिओ टाकतात, मुलं रील बनवतात. डॉलरमध्ये पैसे येतात, मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो, घर खूश होतं. पण हे पैसे कोणाच्या पॅनवर जमा होतायत, हे फार कमी लोक बघतात. आमच्या मते खरी गडबड इथेच होते.

समजा, शौहरचा पगार वर्षाला 11 लाख. बायको चॅनल चालवते, त्यातून खर्च वजा जाता 5 लाख सुटतात. ॲडसेन्सचं खातं मात्र शौहरच्या नावावर, कारण 'बँकेचं सगळं तेच बघतात'. आता सरकारच्या नजरेत ही सगळी कमाई त्यांचीच. 2025-26 च्या नव्या कररचनेत पगारातून 75 हजारांची वजावट धरली तरी एकूण 15 लाख 25 हजार होतात आणि कर बसतो साधारण 1 लाख 13 हजार. तेच बायकोच्या पैशांसाठी पहिल्यापासून तिचं पॅन, तिचं बँक खातं असतं तर? नव्या रचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळते, त्यामुळे दोघांचाही कर शून्य. अर्थात, व्हिडिओ खरोखर तिनेच बनवलेले असले पाहिजेत. नुसतं नाव बदलून कर चुकवायचा ही गोष्ट वेगळी.

कर शून्य म्हणजे रिटर्न नको, असं मात्र नाही. उत्पन्न 4 लाखांवर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. कंपनीने जाहिरातीच्या पैशांतून टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवायचा रस्ताही तोच आहे. कॅमेरा, माईक, इंटरनेट, एडिटिंगचा खर्च वजा करता येतो, म्हणून बिलं जपून ठेवा.

कंपनी फुकट मोबाईल पाठवते, त्याचं काय? तोही उत्पन्नातच मोजला जातो. एका कंपनीकडून वर्षात 20 हजारांच्या वर वस्तू मिळाल्या तर 10 टक्के टीडीएस लागतो. व्हिडिओ करून वस्तू परत केली तर प्रश्न नाही.

अजून एक. यूट्यूबवर अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरायचा राहिला तर जगभरातल्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. भरून भारताशी असलेल्या कराराचा फायदा घेतला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर 15 टक्के. फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत.

'आम्ही जकात देतो की' असंही काही जण म्हणतात. जकात आपल्या जागी, इन्कम टॅक्स आपल्या जागी. गरजूच्या हातात दिलेल्या जकातीची करात वजावट मिळत नाही.

खातं अजून दुसऱ्याच्या नावावर असेल तर नवं आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आत, म्हणजे 31 मार्चपूर्वी, सीएला विचारून ते दुरुस्त करून घ्या.