सात सेकंद आणि स्टीव्ह नॅश

अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या फिनिक्स सन्स या संघाचा चाहता होण्यात एक व्यावहारिक फायदा होता. अ‍ॅरिझोना राज्यात उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे बारा महिने सकाळी साडेसातलाच असतो. आंघोळ, डबा, लोकल हे सगळं त्या हिशेबाने बसवता येतं. घरच्यांच्या मते बसत नव्हतं, पण ते सोडा.

2003-04 च्या मोसमात या संघाने 82 पैकी 29 सामने जिंकले होते. पुढच्याच मोसमात 62. मधल्या उन्हाळ्यात स्टीव्ह नॅश आला. तेव्हा तो तिशीचा होता. वयाची आणि दुखऱ्या पाठीची धास्ती घेऊन त्याच्या आधीच्या डॅलस संघाचा मालक मार्क क्यूबनने त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजायचं नाकारलं, फिनिक्सने मोजली. सहा फूट तीन इंच उंची, त्या जगात बेताचीच. उडी सामान्य, धावही डोळे दिपवणारी नाही. अशा माणसाला 2005 आणि 2006, लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. पहिल्या वर्षी तर त्याची सामन्यागणिक सरासरी होती साडेपंधरा गुण आणि साडेअकरा असिस्ट. गुणांची सरासरी एवढी कमी असून हा मान मिळणं दुर्मिळच.

थोडी पार्श्वभूमी सांगून टाकतो. बास्केटबॉल 1891 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नाइस्मिथ या कॅनेडियन शिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून सुरू केला. 1950 मध्ये फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता धरून बसत मिनिआपोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं आणि प्रेक्षक वैतागले. म्हणून 1954 पासून 24 सेकंदांत फटका मारण्याचं बंधन आलं. झालं.

फिनिक्सचे प्रशिक्षक माइक डँटोनी इटलीत, मिलानमध्ये खेळून आणि शिकवून आलेले. त्यांचं म्हणणं असं, की 24 सेकंद मिळतात म्हणून ते वापरायलाच हवेत असं कुणी सांगितलंय? समोरचा बचाव जागेवर बसायच्या आत फटका मारा. जॅक मॅकॅलम या पत्रकाराने 2005-06 चा मोसम संघासोबत काढून पुस्तक लिहिलं, त्याच्या नावामुळे ‘सात सेकंद किंवा कमी’ ही ओळख संघाला कायमची चिकटली. डँटोनींनी आणखी एक गोष्ट केली. शॉन मॅरियनला त्याच्याहून धिप्पाड गड्यांच्या जागी खेळवलं, तरण्या अमारे स्टूडमायरला सेंटर केलं आणि उरलेल्या जागा लांबून नेम धरणाऱ्यांना दिल्या. मैदान मोकळं झालं. 2004-05 च्या मोसमात संघाने 796 थ्री-पॉइंटर मारले, तोवरचा विक्रम.

पण सगळे वेगाचंच कौतुक करत राहिले, इथे माझं भांडण आहे. त्या वेळी सगळ्यांत वेगवान मानलेला हा संघ आजच्या आकड्यांत सरासरीहून संथ ठरतो. वेग पुढे सर्वांनी उचलला. उचलता आला नाही तो नॅशचा धीर.

एकच चाल बघू. नॅश मध्यरेषा ओलांडून येतो. स्टूडमायर धावत वर येऊन नॅशच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, ही झाली स्क्रीन. बचावपटू त्याच्यावर अडखळतो, आणि स्टूडमायर गर्रकन वळून बास्केटकडे सुटतो. आता पंचाईत स्टूडमायरवर नेमलेल्या बचावपटूची. नॅशला रोखायला पुढे यावं, तर मागे स्टूडमायर मोकळा. मागे थांबावं, तर नॅश तिथूनच फटका मारणार. फ्री थ्रो कारकीर्दभर नव्वद टक्के घालणारा नेम आहे तो. तिसऱ्या कुणी कोपरा सोडून मदतीला यावं, तर कोपऱ्यात जो जॉन्सन किंवा क्वेंटिन रिचर्डसन हात वर करून तयार. जॉन्सनने त्या मोसमात आपल्या थ्रीपैकी 47.8 टक्के घातले. हा पिक अँड रोल सगळेच खेळतात. नॅशसारखा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत थांबणारा विरळा.

थांबणं म्हणजे उभं राहणं नव्हे. साधारण गार्ड बास्केटपाशी पोचला आणि समोर उंच माणूस दिसला, की चेंडू हातात धरतो. धरला की संपलं, पुन्हा ड्रिबल करता येत नाही. नॅश धरतच नसे. तो तसाच टप्पे देत बास्केटच्या खालून, मैदानाच्या मागच्या रेषेच्या कडेकडेने पलीकडे निघून जायचा आणि वळसा घालून परत वर यायचा. पाच बचावपटूंच्या माना त्याच्यामागे फिरायच्या. त्यांतल्या एकाची मान अर्धा क्षण जास्त फिरली, की तिकडे चेंडू गेलेला असे, तोही एका हाताने, टप्प्यावरून थेट, उजव्या किंवा डाव्या. दोन हातांत घेऊन पास देण्यात जो वेळ जातो, तोच त्याने वाचवला होता. घर फुटबॉलचं, वडील फुटबॉलपटू, भाऊ मार्टिन कॅनडाच्या राष्ट्रीय संघात. मोकळी जागा आधी बघायची सवय तिथूनच आली असावी, असा माझा तर्क.

मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर मी संध्याकाळी अधूनमधून जातो. गल्लीतली पोरं तिथे अफलातून खेळतात. एकदा एक वयस्कर प्रशिक्षक कडेला उभे राहून एका चिमुरड्या गार्डला सारखे ओरडत होते, “बॉल पकड मत! पकड मत!” मी विचारलं, नॅश बघितलाय का? ते म्हणाले, “कौन नॅश?” मला फार बरं वाटलं. हे शहाणपण कुणा एकाच्या मालकीचं नाही.

विश्रांतीला बाहेर आला की नॅश खुर्चीत बसत नसे. मैदानाच्या कडेला पाठीवर आडवा पडायचा, मणक्याच्या जुन्या विकारामुळे. जगातला सर्वोत्तम खेळाडू जमिनीवर पसरून वर बघत सामना ऐकतोय, हे दृश्य बघून आईने विचारलं होतं, “याला बरं नाही का रे?”

2005-06 मध्ये स्टूडमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जवळजवळ पूर्ण मोसम बाहेर. जॉन्सनही अटलांटाला गेलेला. तरी 54 विजय, तरी पश्चिम विभागाची अंतिम फेरी. सेंटरला बोरिस दियाव, जो आदल्या वर्षापर्यंत अटलांटात बाकावर बसलेला असायचा. नॅश माणसं कशी उभी करतो, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

अजिंक्यपद मात्र आलं नाही, लीगच्या अंतिम सामन्यांपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. बचाव कच्चा होता, हे खरंच. पण 2007 बद्दल मी समतोल राहू शकत नाही. सॅन अँटोनिओविरुद्धच्या मालिकेत पहिल्याच सामन्यात त्यांच्या टोनी पार्करशी टक्कर होऊन नॅशचं नाक फुटलं. रक्त थांबेना, म्हणून निर्णायक क्षणी त्याला बाहेर बसवावं लागलं. चौथा सामना फिनिक्सच्या खिशात, शेवटचे काही सेकंद उरलेले, आणि सॅन अँटोनिओच्या रॉबर्ट हॉरीने नॅशला कंबरेचा धक्का देऊन टेबलावर आदळलं. स्टूडमायर आणि दियाव बाक सोडून चार पावलं पुढे आले. नियमाप्रमाणे दोघांवर एका सामन्याची बंदी. हॉरीवर दोन सामन्यांची, पण तो राखीव खेळाडू, हे दोघे संघाचे खांब. पाचवा सामना फिनिक्सने 88-85 असा गमावला, पाठोपाठ मालिकाही. नियम पाळला गेला हे मान्य. तरी तो नियम मला आजही मूर्खपणाचा वाटतो.

2008 च्या फेब्रुवारीत मॅरियन देऊन शकील ओनीलला आणलं, धावत्या संघात लीगमधला सगळ्यांत वजनदार माणूस. उन्हाळ्यात डँटोनी न्यूयॉर्कला गेले. ती अदलाबदल करणारे महाव्यवस्थापक होते स्टीव्ह कर. सात वर्षांनी त्याच करनी गोल्डन स्टेटला अजिंक्यपद मिळवून दिलं, मैदान मोकळं ठेवून, चेंडू फिरता ठेवून, धिप्पाड सेंटरला वेळप्रसंगी बाकावर बसवून. त्यांच्या बाजूला सहायक म्हणून बसले होते आल्विन जेन्ट्री, डँटोनींच्या फिनिक्समधले जुने सहकारी.