दगड वर चढवलेच नाहीत

६ जून १६७४. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दरबारातून निघाला, तेव्हा दरवाजाशी त्याला दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे दिसले. इतक्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली तरी कशी, हे त्याला उमगेना. आपलं नवल त्याने रोजनिशीत नोंदवून ठेवलं. महाडहून पाचाडमार्गे गडावर येणारी माणसं आजही तोच प्रश्न विचारतात, फक्त दगडांबद्दल. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर एवढे घडीव चिरे चढवले कसे?

उत्तर गंगासागराच्या काठावर आहे. ते चढवलेच नाहीत. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त ही गडावरची तळी म्हणजेच दगडाच्या खाणी. माथ्यावरचा काळा पाषाण पाथरवटांनी तिथेच फोडला, घडवला आणि त्यातून तटबंदी, जोती, पायऱ्या उभ्या राहिल्या. दगड निघाला तिथे खड्डा उरला आणि त्या खड्ड्यात पाऊस साठला. एकाच कष्टात भिंतही झाली आणि पाणीही.

हाच प्रश्न इजिप्तच्या पिरॅमिडांबद्दल अख्खं जग विचारतं आणि उत्तर सुचेना की परग्रहावरच्या पाहुण्यांना बोलावतं. मला हा त्या कारागिरांचा अपमान वाटतो. गिझाचा मोठा पिरॅमिड फेरो खुफूने इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमारास बांधवला. मूळ उंची १४६ मीटर, पायाची प्रत्येक बाजू २३० मीटर, अंदाजे तेवीस लाख दगड. पण त्यातला बहुतेक चुनखडक पिरॅमिडपासून हाकेच्या अंतरावरच्या खाणीतून निघाला. ती खाण आजही दिसते. बाहेरून चढवलेला पांढराशुभ्र चुनखडक नाईलपलीकडच्या तुऱ्याहून आला आणि राजाच्या दालनावरच्या प्रचंड ग्रॅनाइटच्या तुळया आठशे किलोमीटरवरच्या आस्वानहून. त्याही नदीने, होडीतून.

या होड्यांचा हिशेब आपल्याला मिळाला आहे. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. जगातले हे सर्वांत जुने लिखित पपायरस. मेरेर नावाच्या मुकादमाने आपल्या सुमारे चाळीस माणसांची रोजची नोंद त्यात ठेवली आहे. आज तुऱ्याला दगड भरले, आज गिझाकडे निघालो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम केला. त्याच्या कागदांत भाकरीचा आणि धान्याचाही हिशेब आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे हजेरीपुस्तक वाचताना पिरॅमिडचं गूढ मला कमी झाल्यासारखं वाटत नाही. उलट त्यामागची माणसं दिसू लागल्याने आदर वाढतो.

जमिनीवर हे दगड लाकडी घसरगाड्यांवरून ओढत. इजिप्तमधल्या नंतरच्या काळातल्या एका चित्रात प्रचंड पुतळ्याच्या गाडीपुढे एक माणूस वाळूवर पाणी ओततो आहे. अॅमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हे तपासून पाहिलं. वाळू नेमकी ओली असेल तर गाडी ओढायला निम्मंच बळ पुरतं. वर चढवण्यासाठी चढणी होत्या. हतनूब इथल्या खाणीत खुफूच्याच काळातली, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांची भोकं असलेली चढण २०१८ मध्ये उजेडात आली. खुफूच्या बापाने, स्नेफ्रूने, त्याआधी चुकत-माकत तीन पिरॅमिड बांधले होते. त्यातल्या एकाचा उतार मध्येच कमी करावा लागला. तो आजही वाकडाच दिसतो. बापाच्या चुकांवर मुलाचं शिखर उभं राहिलं.

तेव्हा दगडापेक्षा अवघड प्रश्न वेगळा होता. हजारो माणसं वर्षानुवर्षं एका जागी राबवायची, तर त्यांनी खायचं काय आणि प्यायचं काय? रायगडाला हा प्रश्न गिझापेक्षा जास्त बोचणारा होता, कारण इथे पायथ्याला नाईल नाही. महाड-पोलादपूरकरांना हे सांगायला नको. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळतं, कातळावरून काळ आणि गांधारीला मिळतं, तिथून सावित्रीत आणि खाडीत जातं, आणि शिमगा सरला की डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट पाहतात. अशा मुलखात माथ्यावर राजधानी वसवणाऱ्याने आधी पाण्याचा विचार केला. गडाचे बांधकामप्रमुख हिरोजी इंदुलकर यांनी जगदीश्वराच्या मंदिरावर कोरवलेल्या संस्कृत शिलालेखात गडावर काय काय उभं केलं याची यादी आहे. तिच्यात खांब, गजशाळा, राजवाडे नंतर येतात. आरंभ विहिरी आणि तळ्यांनी होतो.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? पिरॅमिड ही कबर. मेलेला राजा देवांत जाऊन मिसळला की देश तरतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा होती. रायगड जिवंत राज्यासाठी होता. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाला आणि रायरीचा हा डोंगर शिवाजी महाराजांच्या हाती आला. कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो, की तासल्यासारखे उभे कडे पाहून महाराजांना दौलताबादेहून ही जागा थोर वाटली आणि तख्त इथेच, असं त्यांनी ठरवलं. कडे हे एक कारण झालं. दुसरं कारण नकाशात दिसतं. भरतीबरोबर गलबतं आत येत ते महाड बंदर जवळ, पोलादपूरकडून देशावर चढणाऱ्या घाटवाटा हाताशी, आणि मोगली फौजांना सह्याद्री ओलांडल्याशिवाय इथे पोचता येणार नाही. १६७१-७२ च्या सुमारास गडकोटांच्या बांधकामासाठी १,७५,००० होनांची तजवीज झाली, त्यातले ५०,००० एकट्या रायगडासाठी होते.

एका बाबतीत या दोन बांधकामांतली माणसं मला फार जवळची वाटतात. मोठ्या पिरॅमिडमध्ये राजाच्या दालनावरच्या, कुणाच्या नजरेस कधीच न पडणाऱ्या पोकळ्यांत मजुरांच्या टोळ्यांनी आपली नावं रंगवून ठेवली आहेत. एक टोळी स्वतःला खुफूचे मित्र म्हणवते. हिरोजींनी सेवेला तत्पर म्हणून आपलं नाव कोरलं ते जगदीश्वराच्या पायरीवर. महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांची पायधूळ आपल्या नावावर पडावी म्हणून, असं लोक सांगतात. ही कथा असेल, पण पायरी खरी आहे. पाय टाकण्याआधी माणसं आजही थबकतात. आणि ज्या राजासाठी हे सारं उभं राहिलं, त्याची समाधी तिथून जवळच, एका अष्टकोनी चौथऱ्याएवढीच. वरची छत्री विसाव्या शतकातली.

गडाची जोती दगडाची आणि वरचे मजले लाकडाचे होते. दगड गडावर निघाला, पण चुना आणि लाकूड खालून आणावंच लागलं. लाकूड आणलं ते १८१८ च्या मे महिन्यात गेलं. इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि वाडे जळाले. त्यामुळे आज गडावर फिरताना आपण खरं तर जोत्यांवरून फिरतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर रायगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आणि गडावर उत्खननही सुरू आहे. गिझाला मोठी उकल झाली ती मार्क लेनर आणि झाही हवास यांनी पिरॅमिडकडे पाठ करून मजुरांची वस्ती खणली तेव्हा. भट्ट्या सापडल्या, गुरांची हाडं सापडली, मोडून नीट सांधलेल्या हातापायांची माणसं त्यांच्या स्वतःच्या कबरींत सापडली. तीनशे पन्नास वर्षांपूर्वी रायगडावर छिन्नी चालवणारे पाथरवट, पहारी शेवटणारे लोहार, चुन्याची घाणी फिरवणारे गडी यांचीही वस्ती कुठेतरी असणार. पाचाड, रायगडवाडी आणि घेऱ्यातल्या शेतांत त्यांच्या चुली आणि घाण्या शोधायला हव्यात. राजवाड्याची जोती आपण पुष्कळ मोजली.