गाडीतला गारवा, भाग ५ : गॅस हवेत सोडायचा नाही

मागच्या भागात कंप्रेसरपर्यंत आलो होतो. तो खोलायचा तर आधी पाइपांतला गॅस काढावा लागतो, आणि घाई होते ती इथेच. जळगावची अजिंठा चौफुली असो की धुळ्याचा पारोळा रोड, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की एसीच्या मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नसते. "भाऊ, जुना सोडून देतो अन् नवा भरतो." व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्स झालं, काम संपलं.

हा गॅस बहुधा आर-१३४ए. ओझोनला तो धक्का लावत नाही, म्हणून तर आर-१२च्या जागी आला. पण उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. लहान गाडीतला अर्धा किलो सोडला, तर सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती स्वीकारली ती असेच गॅस कमी करत नेण्यासाठी.

हवामानाचं कारण मिस्त्रीला पटेलच असं नाही. त्याला त्याच्या जिवाचं सांगावं. हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात किंवा बोटांवर उडाला तर भर उन्हाळ्यात हिमदंश. हवेपेक्षा जड असल्याने गाडीखालच्या खड्ड्यात साचतो, तिथे जीव गुदमरतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ज्वाळेत त्याचे विषारी वायू होतात.

म्हणून रिकव्हरी मशीन. आधी एसी पाचेक मिनिटं चालवून इंजिन बंद करायचं. चष्मा, हातमोजे घालून निळी नळी जाड पाइपला, लाल बारीक पाइपला. मशीन गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरतं. काटा शून्याखाली गेला तरी लगेच नळ्या काढू नका. मशीन थांबवून थोडं थांबा. काटा पुन्हा चढला तर तेलात मुरलेला गॅस अजून सुटतोय, परत ओढा. सोबत आलेलं तेल मोजून ठेवा, नंतर तेवढंच नवं घालायचंय.

खरा धोका सिलिंडरचा. नव्या गॅसचा वापरून फेकायचा डबा त्यासाठी मुळीच चालत नाही. रिकव्हरीचाच हवा, तोही वजनकाट्यावर, ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरलेला. २५ अंशांना आतला दाब साडेपाच बारच्या पुढे असतो, ४५ला दहाच्या पुढे जातो. त्याहून वाईट म्हणजे तापलेला द्रव फुगतो, आणि फुगायला जागाच उरली नाही तर सिलिंडर फुटतो. आपल्याकडच्या उन्हात तो अंगणात ठेवणं म्हणजे वेडेपणा. सावलीत, गार पाण्याच्या टबात ठेवला तर दाब आटोक्यात राहतो आणि गॅसही भराभर ओढला जातो. फक्त वजन टबासकट शून्यावर आणून मग मोजा.

आणि गाडीमालकाला आधी विचारा, यापूर्वी गॅस कुठे भरला होता. स्वस्तात एलपीजीसारखा जळणारा गॅस मिसळलेला असेल, तर हे मशीन लावूच नका.

पुढच्या भागात गळती : ती नायट्रोजनने का शोधायची, हवेच्या कंप्रेसरने का नाही.