टँकरचा पैसा आधीच बंधाऱ्यात घाला



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी गटागटातून फिरताना आम्हांला हल्ली एकच प्रश्न पुन:पुन्हा ऐकू येतो. पूर्वी सभासद विचारायचे, "साहेब, बेणं कोणतं लावावं?" आता विचारतात, "साहेब, पाणी पुरंल का?" बेण्याचे उत्तर आमच्यापाशी आहे. को ८६०३२ लावावा की फुले २६५, ते जमीन पाहून सांगता येते. पाण्याचे उत्तर मात्र एकट्या शेतकी विभागापाशी नाही. ते ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या अंदाजपत्रकात शोधावे लागेल. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या बीड जिल्ह्याचा पाऊस सरासरीने साडेसहाशे मि.मी.च्या आसपास. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा भाग तर पर्जन्यछायेचा. यात नवे काही नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. नवे आहे ते पावसाचे वागणे. कोळसा व तेल जाळण्याने जगाचे तापमान पूर्वीपेक्षा एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. तापलेली हवा बाष्प जास्त धरते. त्यामुळे आठवडेच्या आठवडे थेंब नाही आणि पडला की एका रात्रीत धो धो, असे प्रकार वाढले. २०१२-१३ ला दुष्काळ, २०१५-१६ ला पुन्हा दुष्काळ. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१८-१९ ला तिसरा फटका. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात नदीकाठची शिवारे पाण्याखाली गेली, उभी पिके आडवी झाली, जमिनी खरडून गेल्या. कोरडा आणि ओला, दोन्ही दुष्काळ एकाच शेतकऱ्याच्या वाट्याला आले.

अशा वेळी सरकारी पैसा खर्च होत नाही असे नाही. होतो, पण केव्हा? विहिरीने तळ गाठल्यावर टँकर, दावणीची वैरण संपल्यावर छावणी, जमीन वाहून गेल्यावर पंचनामा. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या चालल्या. अशा वर्षी कारखान्याच्या गव्हाणीत पडायचा ऊस जनावरांच्या गव्हाणीत जातो. जनावरे जगली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण टँकरने ओतलेले पाणी संध्याकाळी संपते. तोच पैसा आधी बंधाऱ्यात, चरात, झाडात घातला, तर तो पुढच्या पावसालाही उपयोगी पडतो. बीड शहराजवळची खजाना विहीर पाहा. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमलात बांधलेली. भूमिगत कालव्यांतून तिचे पाणी शेताला जाण्याची सोय तेव्हाच करून ठेवली. त्या वेळच्या कारभाऱ्यांना कळले ते आजच्या कारभाऱ्यांना कळू नये काय?

मग मागायचे काय? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, दुरुस्ती. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे पाझर तलाव व बंधारे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. नवे बांधण्याआधी जुने धड करा. आमच्या पाहण्यातल्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची निम्मी दारे गायब आहेत. उरलेली गंजली. पावसाळ्यात तिथे नदी वाहते, दिवाळीला वाळू दिसते. आम्ही दोन वर्षे गावकऱ्यांबरोबर अर्ज दिले. उत्तर एकच : निधी नाही. त्याच गावाला उन्हाळ्यात टँकर मात्र वेळेवर येतो!

दुसरी, हक्काचा वाटा. जिल्हा परिषदेच्या स्वत:च्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी २० टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवण्याचा दंडक आहे. वाटा ठरलेला असला म्हणजे त्याचा हिशेब विचारता येतो. तसाच माती, पाणी आणि झाडे यांसाठी किमान १० टक्के वाटा ठरवावा. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या आपल्याच पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावतात. तो डोंगर उघडा राहिला तर खालची धरणे पाण्याऐवजी गाळाने भरतील.

तिसरी, गावाचा पाण्याचा ताळेबंद. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, ग्रामसभेत बसून, कोणते पीक घ्यायचे ते ठरते. आपल्याकडे का नको? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या बंधित निधीत पिण्याचे पाणी व पावसाचे पाणी साठवणे या कामांना स्पष्ट जागा होती. ती रक्कम आपल्या गावात कशावर खर्च झाली, हे किती सभासदांनी विचारले? आणि लोक कामाला येत नाहीत, ही सबब चालणार नाही. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत आपला अंबाजोगाई तालुका होता. भर उन्हात लोकांनी टिकाव-फावडे हाती घेतले होते.

चौथी, गावोगाव पर्जन्यमापक. आज स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक. अतिवृष्टी धरायची ती चोवीस तासांत ६५ मि.मी.च्या वर पाऊस झाल्यास. पण ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. केंद्राच्या गावी भुरभुर आणि चार कोसांवर शिवार वाहून गेलेले, असे झाले की कागदावर नुकसानच दिसत नाही. पर्जन्यमापकाचा खर्च एका गावाला जड नाही.

आता एक कडू गोष्ट. ती आम्ही नाही सांगितली तर दुसरे सांगतील. २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त श्री. सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी अशी शिफारस शासनाला केली होती. तेव्हा आपल्याला राग आला. आम्हांलाही आला, आमची भाकरीच उसावर. पण राग बाजूला ठेवून पाहिले तर त्या शिफारशीमागचा प्रश्न खोटा नव्हता. मोकाट पाणी सोडून ऊस पिकवायचा आणि ग्रामसभेत उठून "पाणी अडवा" म्हणायचे, हे शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कसे पटावे? त्याच्या बोअरचे पाणी आपल्याच उसात गेले, असे तो म्हणाला तर आपण काय उत्तर देणार?

म्हणून मागणीआधी आपला वाटा आपण उचलू. ठिबकावर ऊस घेतला तर मोकाट पाण्याच्या मानाने ४० ते ५० टक्के पाणी वाचते. पाणी बेताचे असेल तर सोळा-अठरा महिन्यांच्या आडसालीचा हट्ट सोडून सुरूची लागण करावी, तीही जेवढे भिजेल तेवढीच. आणि पाचट पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. एका काडीने ते सारे धूर होऊन जाते. तेच सरीत आच्छादन केले तर ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते आणि खोडव्याला खतही मिळते. कारखान्याचा शेती मदतनीस बांधावर येईल, त्याला जरूर बोलवा.

बंधूंनो, कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. तिथे रस्ता आणि सभामंडपाचे ठराव होतात, कारण ते मागणारे हजर असतात. बंधाऱ्याची दारे मागणारा घरी बसलेला असतो. पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक गावातून निदान दहा सभासदांनी उठून या चार मागण्यांचा लेखी ठराव मांडावा, त्याची नक्कल घ्यावी आणि एक प्रत आमच्या गट कार्यालयात द्यावी. त्या सर्व प्रती घेऊन जिल्हा परिषदेत जाण्यास आम्ही तयार आहोत. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो, शंभर गावांचे ठराव ठेवायला टेबल पुरत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण पोरांना सांगतो. कारभाऱ्यांनाही तेच सांगण्याची वेळ आली आहे. जय सहकार!

– ऊस विकास अधिकारी