पावसाळा हाच ज्यांचा हिवाळा

थंड प्रदेशातील आणि मुंबईच्या उपनगरांतील निवडुंगप्रेमी एकच वनस्पती जपत असले, तरी दोघांचे पंचांग वेगळे आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर ते मार्च या काळात कुंड्या काचघरात ठेवून पाणी जवळजवळ तोडतात, कारण वाढ थांबलेली असताना ओली राहिलेली मुळे कुजतात आणि पेशींतले पाणी गोठले, तर खोड आतून फाटते. अंधेरी-बोरिवलीत जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण १६-१७ अंशांवर थांबतो, त्यामुळे हिवाळा हा तिथे निवडुंगाच्या सुखाचा काळ असतो आणि पाणी तोडून कुंड्या छपराखाली नेण्याची वेळ येते ती जूनमध्ये.

सांताक्रूझ वेधशाळेत चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी तर तिथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उलट खांबासारख्या उंच साग्वारो निवडुंगाचे माहेर असलेल्या ॲरिझोनातील टूसॉन शहराला वर्षभरात जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस मिळतो. तरीही झाड मरते ते केवळ पाण्याच्या मापाने नव्हे. दमट हवेत माती कित्येक दिवस सुकत नाही, तिच्या कणांमधली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि दुबळ्या झालेल्या मुळांत बुरशी शिरते. वरून झाड हिरवेगार दिसत असतानाच मातीलगतचा भाग चहाच्या रंगाचा होतो, बोटाने दाबला की आत जातो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

याला रात्रीचा उकाडाही हातभार लावतो. बहुतेक निवडुंग पाणी वाचवण्यासाठी दिवसा आपली रंध्रे, म्हणजे त्वचेवरची सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे अन्न करतात; थंड रात्रींची सवय असलेल्या, उंच पर्वतांवरच्या जातींना पावसाळ्यातल्या २५ अंशांच्या रात्री म्हणूनच मानवत नाहीत. विटांचा चुरा आणि जाड रेती भरपूर घातलेले मिश्रण, खाली मोठे भोक असलेली मातीची कुंडी आणि वर पारदर्शक पत्रा, एवढी तजवीज उपनगरातल्या खिडकीच्या ग्रिलमध्येही करता येते. मात्र ढगाळ महिन्यांत फिकट, मऊ झालेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवले, तर त्याच्या अंगावर पांढरट डाग पडतात आणि ते कायम राहतात. ऐन दिवाळीच्या तोंडावर घडणारी ही चूक मनाला फार लागते, कारण चार महिने सांभाळलेले झाड चार दिवसांत विद्रूप होते.

रोपवाटिकांत मिळणारा लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ हा कलमाचा खेळ आहे. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो ड्रॅगन फ्रूटच्या तीनधारी हिरव्या खोडावर बसवतात. हे खोड थंडीला नाजूक असल्याने युरोपातल्या घरांत ते अनेकदा आधी मरते, मुंबईत मात्र तेच जोमाने वाढते.

हे खोड मुळात वाळवंटातले नाही, तर झाडांवर चढणाऱ्या उष्णकटिबंधीय जातीचे आहे, आणि उपनगरांचा सर्वांत लाडका निवडुंगही त्याच गोतातला आहे. घाटकोपर-मुलुंडच्या गॅलऱ्यांत ‘ब्रह्मकमळ’ म्हणून लावली जाणारी वनस्पती म्हणजे दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या ओल्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा एक निवडुंग. उत्तराखंडचे राज्यफूल असलेले खरे ब्रह्मकमळ ही हिमालयातल्या थंडीत वाढणारी, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. गॅलरीतल्या या झाडाची ‘पाने’ही खरे तर चपटी खोडे आहेत, म्हणून त्यातला एक तुकडा शेजारणीने दिला तरी तो मातीत रुजतो. पावसाळ्यात त्याच्या कडेच्या खाचेतून कळी येते, काही दिवस मान खाली घालून लोंबते, फुलायच्या दिवशी तिचा देठ वर वळतो, आणि रात्री फूल पूर्ण उमलले की घरातले लोक उदबत्ती लावून, शेजाऱ्यांना हाक मारून त्याभोवती जमतात. पहाटेपर्यंत त्याच्या पाकळ्या मिटून गळ्याशी लोंबू लागलेल्या असतात.